मोटारीचा पिवळा दिवा : कोड वाचावा कसा आणि पुसावा कधी



लागण, खोडवा, पाचट, पाण्याच्या पाळ्या यांवर आम्ही या पानांतून वेळोवेळी लिहीत आलो आहोत. आज विषय जरा निराळा आहे. ऊस विकास खात्याने मोटारीवर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. पण गट कार्यालयात तोडीची चौकशी करायला आलेले सभासद काम झाल्यावर उठता उठता विचारतात, "साहेब, गाडीत पिवळा दिवा लागलाय. इंजिनाचं चित्र हाय त्यात. चालंल का अजून?" असा प्रश्न गेल्या दोन-तीन हंगामांत आम्हांस इतक्या वेळा आला की शेवटी लिहावयाचे ठरविले. दुसरे कारण असे, की या दिव्यापायी आम्ही स्वतः चांगले साडेनऊ हजार रुपये घालवून बसलो आहोत.

आमची गाडी पेट्रोलवर चालणारी, २०१३ सालची, जुनी घेतलेली. एके दिवशी प्लॉट पाहून परत येताना दिवा लागला. गॅरेजमध्ये नेली. त्यांनी यंत्र लावले, "सेन्सर गेला" म्हणून सांगितले, सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि दिवा घालवून दिला. आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर. मग प्लग बदलले, दिवा घालवला. बारा दिवसांनी परत तेच. मग पेट्रोलचा पंप उतरवून साफ केला, दिवा घालवला. त्यानंतर एका संध्याकाळी रेल्वेच्या पुलाच्या चढावर गिअर बदलताना गाडी बंद पडली. मागे उसाने भरलेली डबल ट्रॉली चढ चढत होती. ट्रॅक्टरवाला हुशार, त्याने वेळीच कडेला घेतली. भरलेली ट्रॉली चढावर थांबवणे म्हणजे काय असते हे आमच्या सभासदांना सांगावयास नको.

शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका वायरमनने दोष काढला. एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाईप असतो, घड्याघड्यांचा, भात्यासारखा. त्याला खालच्या अंगाने एका घडीत चीर पडली होती. वरून दिसत नव्हती, पाईप ताणला की दिसे. नवा पाईप तीनशे ऐंशी रुपयांना आला. त्या वायरमनने पहिला प्रश्न हा केला, "कोड काय आला होता?" आम्हांस माहीत नव्हते. तिन्ही वेळा कोड आला होता, तिन्ही वेळा तो पुसला गेला होता, आणि एकदाही कोणी कागदावर लिहिला नव्हता.

यात आम्हांस जास्त लाज वाटली ती अशी. उसावर केवडा पडला की आपण काय करतो? हिराकस फवारतो. पाने आठ-दहा दिवस हिरवी दिसतात. पण जमिनीत चुनखडी असेल, किंवा सरीत पाणी तुंबून मुळे गुदमरली असतील, तर पुढचे पान पुन्हा पिवळेच निघते. फवारणीने पान हिरवे झाले म्हणजे जमीन सुधारली असे होत नाही, हे आम्ही शिवारफेरीत वीस वर्षे सांगत आहोत. आणि स्वतःच्या गाडीत मात्र तीनदा हिराकस मारून मोकळे झालो.

दिवा कोणता ते आधी पाहावे

समोरच्या पट्टीत बरेच दिवे असतात, त्यांची गल्लत करू नये. तेलाच्या किटलीचा लाल दिवा म्हणजे इंजिनाला ऑईलचा दाब मिळत नाही. हा दिवा चालत्या गाडीत लागला तर दुसऱ्या मिनिटाची वाट न पाहता इंजिन बंद करावे. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणणाऱ्याचे इंजिन जाम होते. थर्मामीटरचा लाल दिवा किंवा काटा वर गेला तर तेही तसेच. थांबावे, आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. या लेखातील कोडाची भानगड या दोन लाल दिव्यांना लागू नाही.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा निराळा. तो स्थिर लागला असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. चार-दोन दिवसांत तपासली तरी चालते. तोच दिवा उघडझाप करू लागला आणि गाडी मिसिंग मारू लागली, तर मात्र रेस कमी करून गाडी कडेला घ्यावी. कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तेथे पेटते आणि आतील धूर शुद्ध करणारी जाळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, वितळते. तो भाग महाग असतो. एका प्लगच्या आळसापायी तो घालवू नये.

आपल्या गाडीत ही सोय आहे काय?

कार्ब्युरेटरच्या गाडीत कोड नसे. मिस्त्री कान देऊन ऐके, स्क्रू फिरवी, काम होई. साधारण २००० सालापासून आपल्याकडील मोटारींत इंजेक्शन आले, आणि पेट्रोल किती सोडावयाचे हे संगणकाची पेटी ठरवू लागली. ही पेटी इंजिनावरच्या सेन्सरांकडून बातमी घेते : हवा किती आली, पाणी किती तापले, पाय किती दाबला, धुरात ऑक्सिजन किती उरला. एखादी बातमी हिशेबात बसेना झाली की पेटी त्याची नोंद करते. या नोंदीचा सांकेतिक क्रमांक म्हणजे कोड.

पूर्वी प्रत्येक कंपनीचे कोड व सॉकेट वेगळे असे. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना एकच पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या चारचाकी गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून पहिला टप्पा आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. येथे एक मेख आहे. २०१० साली भारत स्टेज चार फक्त तेरा मोठ्या शहरांत आले, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. साऱ्या देशात ते १ एप्रिल २०१७ पासून झाले. म्हणून २०१४ सालची पुणे पासिंगची गाडी आणि त्याच वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात पासिंग झालेली गाडी यांत फरक असू शकतो. काही जुन्या गाड्यांत सोळा पिनांचे सॉकेट दिसते, पण ते कंपनीच्याच यंत्राशी बोलते. स्वस्तातल्या यंत्राला दाद देत नाही.

त्याही आधीच्या गाड्यांत दिवाच कोड सांगतो. सुझुकी बनावटीच्या जुन्या इंजेक्शन गाड्यांत तपासणीची ठराविक पिन अर्थला जोडून चावी फिरवली की पिवळा दिवा मिचकावू लागतो. एक मिचकी, जरा थांबून दोन मिचक्या, असे आले तर तो झाला १२, म्हणजे दोष नोंदलेला नाही. टोयोटाच्या त्या काळच्या पेट्रोल गाड्यांत दोन पिना जोडल्यावर दिवा एकसारखा लुकलुकत राहिला तर दोष नाही. हे करावयाचे तर त्या गाडीचे पुस्तक समोर ठेवूनच करावे. अंदाजाने कोठलीही पिन कोठेही जोडली तर संगणकाची पेटी जळते, आणि मग पिवळा दिवा बरा होता असे म्हणण्याची पाळी येते.

कोड वाचण्याची रीत

सोळा पिनांचे सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली, क्लचच्या वरच्या बाजूस असते. कधी त्यावर प्लास्टिकचे झाकण असते. काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे ब्लूटूथचे यंत्र मिळते, किंमत पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास. ते सॉकेटमध्ये बसवावे, इंजिन चालू न करता चावी फक्त 'ऑन' करावी, आणि मोबाईलमध्ये त्याचे ऍप घेऊन जोडावे. आयफोन असेल तर त्याला चालणारे यंत्र आहे ना, हे विकत घेतानाच विचारावे. काम झाल्यावर यंत्र काढून ठेवावे. ते तसेच लावून गाडी आठवडाभर उभी केली तर बॅटरी उतरण्याचा संभव असतो.

पडद्यावर एक इंग्रजी अक्षर आणि चार अंक दिसतात. अक्षर पी असेल तर इंजिन व गिअरबॉक्स, सी असेल तर ब्रेक वगैरे, बी म्हणजे एअरबॅगसारख्या बॉडीतल्या वस्तू, आणि यू म्हणजे निरनिराळ्या पेट्यांचे आपापसांतले बोलणे तुटले. पहिला अंक ० असेल तर तो कोड सर्व कंपन्यांचा सारखा. १ असेल तर कंपनीचा खास, त्याचा अर्थ ऍप सांगेल तो खरा असेलच असे नाही. त्यापुढचा अंक खाते सांगतो : १ किंवा २ हवा-इंधनाचे, ३ मिसिंगचे, ४ धुराचे, ५ आयडलिंग व वेगाचे.

कोड दिसला की पहिले काम म्हणजे कागदावर लिहिणे. मोबाईलमध्ये फोटो काढला तरी चालेल. त्याच ठिकाणी 'फ्रीझ फ्रेम' नावाचे पान असते, तेही उघडावे. कोड नोंदला त्या क्षणी इंजिनाची रेस किती होती, पाणी किती अंशावर होते, गाडी किती वेगात होती, हे तेथे लिहिलेले असते. पंचनाम्याला जी किंमत तीच या पानाला. काही कोडांपुढे 'पेंडिंग' असे येते. म्हणजे दोष एकदा दिसला आहे, पुढच्या फेरीत पुन्हा दिसला तर दिवा लागेल. दिवा लागला नसतानाही असे पेंडिंग कोड सापडतात.

आता मुख्य गोष्ट. कोड कोणाचे नाव घेतो? तो साक्षीदाराचे नाव घेतो. 'ऑक्सिजन सेन्सर' असे शब्द आले म्हणजे सेन्सर खराब आहे असे समजून तो बदलणे म्हणजे चोरी झाल्याची वर्दी देणाऱ्या पाटलालाच कोठडीत घालण्यासारखे आहे. आमच्या गाडीत झाले ते हेच.

आमचा पी ०१७१, आणि आपले इथेनॉल

आमचा कोड होता पी ०१७१. अर्थ : मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सायलेन्सरमधल्या सेन्सरला धुरात ऑक्सिजन जास्त दिसला. त्याने इमानाने तसे कळविले. पेटीने पेट्रोल वाढवले. तरी ऑक्सिजन जास्तच. आणखी वाढवले. ही वाढ टक्क्यांत मोजतात, ऍपमध्ये तिला 'फ्यूएल ट्रिम' म्हणतात. नीट गाडीत हा आकडा शून्याच्या आसपास, चार-पाच टक्के इकडेतिकडे असतो. तो पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेला (प्रत्येक कंपनीची मर्यादा थोडी वेगळी) की पेटी हात टेकते आणि कोड लिहिते.

आमच्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ आहे. चीर त्याच्या पुढे होती. म्हणजे वजनकाटा ओलांडल्यावर मध्येच कोणी मोळ्या टाकाव्या आणि गव्हाणीत त्या हिशेबाबाहेर पडाव्या, तशी ती हवा न मोजता आत जात होती. ज्या गाड्यांत हवा न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, त्यांत अशी गळती असली तर कोडापेक्षा आयडलिंगची रेस चढलेली दिसते.

गळती आहे की पेट्रोल कमी पडते आहे, हे ट्रिमचा आकडा पाहून बऱ्याच अंशी ओळखता येते. गाडी तापल्यावर, उभ्या जागी आयडलिंगवर आकडा पाहावा. मग रेस अडीच हजारांवर धरून पाहावा. आयडलिंगवर जास्त आणि रेस वाढवल्यावर उतरत असेल तर हवेची गळती. उलट, आयडलिंगवर ठीक आणि चढावर, ओझ्यावर वाढत असेल तर पेट्रोलचा फिल्टर, पंप किंवा इंजेक्टर. आमच्या फ्रीझ फ्रेममध्ये दर वेळी आयडलिंगची रेसच नोंदलेली असणार. ती कोणी पाहिली असती तर पेट्रोलचा पंप उतरवण्याचे कारण पडले नसते. गळती शोधण्यासाठी काही मिस्त्री चालू इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर मारतात. ते करू देऊ नये. गरम सायलेन्सर जवळच असतो. कान द्यावा, हवा ओढल्याची शीळ ऐकू येते. पाईप हाताने ताणून, दाबून पाहावेत.

येथे आणखी एक हिशेब सांगितला पाहिजे, आणि तो आपल्या घरचा आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण देशात २०२२ साली दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. त्यातले बरेचसे इथेनॉल आपल्यासारख्या कारखान्यांच्या आसवन्यांतून, म्हणजे सभासदांच्या उसातून जाते. आता, एक किलो पेट्रोल पुरते जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण ऑक्सिजन त्याच्या अंगातच असतो. म्हणून वीस टक्के मिश्रणावर, शुद्ध पेट्रोलच्या मानाने, तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. पेटी ते आपोआप करते. पण जुन्या गाडीची मूळ मांडणी कमी इथेनॉलवर केलेली असते, त्यामुळे तिची ट्रिम आधीच काही टक्के वर चढलेली असते. मग एरवी खपून गेली असती अशी बारीक गळतीही मर्यादा ओलांडून दिवा लावते.

"म्हणजे इथेनॉलनेच गाडी बिघडली ना?" असे एका सभासदांनी आम्हांस सरळ विचारले. आम्ही कारखान्याचे नोकर, तरफदारी करतो असे कोणी म्हणेल म्हणून स्पष्टच सांगतो. ट्रिम पाच-सात टक्के वर असणे हा रोग नव्हे. पंचवीस टक्के एकट्या इथेनॉलने होत नाही, तेथे गळती किंवा चोंदलेला फिल्टर शोधलाच पाहिजे. पण ऍव्हरेज कमी मिळते ही तक्रार खोटी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या मांडणीच्या चारचाकींना सहा ते सात टक्के घट धरलेली आहे. आणि फार जुन्या गाड्यांचे रबरी पाईप व सील या इंधनासाठी बनविलेले नाहीत, हेही खरे. दर सहा महिन्यांनी पेट्रोलचे पाईप हाताने चाचपावेत. कडक, चिरलेले, किंवा फुगून मऊ झालेले वाटले, अथवा बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर कोडाची वाट न पाहता बदलावेत. गाडी महिनोन्महिने उभी ठेवावयाची असेल तर झाकण घट्ट लावावे. इथेनॉल पाणी धरते.

बाकीचे नेहमीचे कोड

पी ०३०० म्हणजे मिसिंग, पण कोणत्या सिलिंडरमध्ये ते नक्की नाही. ०३०१ म्हणजे पहिला, ०३०२ दुसरा, याप्रमाणे. ज्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते तिच्यात एक बिनखर्चाची युक्ती आहे. पी ०३०१ आला तर इंजिन बंद करून पहिल्याची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावावी, कोड पुसून गाडी फिरवावी. आता ०३०३ आला तर कॉईल खराब. पुन्हा ०३०१च आला तर कॉईल निर्दोष, प्लग किंवा इंजेक्टर पाहावा. चारही कॉईली एकदम बदला म्हणणाऱ्याला हे करून दाखवावयास सांगावे.

पी ०११८ हा पाण्याच्या उष्णतेच्या सेन्सरचा. ऍपमध्ये उष्णतामान उणे चाळीस अंश दिसते. आपल्याकडे उणे चाळीस कोठून येणार? तार तुटली की पेटीला तसा भास होतो. म्हणून सेन्सर घेण्याआधी वायर आणि पिन पाहावी. पी ०५६२ म्हणजे वीज कमी. बॅटरीची टोके गंजली, अर्थिंगची पट्टी सैल झाली की हा येतो, आणि त्याच्याबरोबर इतर पाच-सहा भलतेसलते कोडही येतात. असे कोडांचे लटांबर एकदम दिसले तर आधी बॅटरी आणि अर्थिंग. पी ०३३५ क्रँक सेन्सरचा. गरम झाल्यावर गाडी बंद आणि थंड झाल्यावर चालू, अशी तक्रार असेल तर याच्याकडे पाहावे. पी ०४२० कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. तो ऐकून लगेच खिशात हात घालू नये. सायलेन्सरची गळती, जुने मिसिंग, शेवटचा सेन्सर, हे आधी. डिझेल गाड्यांत पी ००८७ येतो, डिझेलचा दाब कमी. बहुधा फिल्टर चोंदलेला किंवा त्यात पाणी.

आमच्या पाहण्यात मात्र आपल्या भागातील निम्मे कोड दोन गोष्टींपायी येतात. एक उंदीर. उसाची तोड झाली की फडातले उंदीर वस्तीकडे येतात, आणि गोठ्याशेजारी किंवा पाचटाच्या गंजीजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटात उबेला बसतात. वायरी कुरतडतात. तंबाखूची पाने बांधून पाहिली, आमच्याकडचे उंदीर त्याला जुमानत नाहीत. गाडी गंजीपासून दूर, उजेडात उभी करणे आणि जवळ पेंड-धान्य न ठेवणे, एवढाच उपाय आम्हांस लागू पडला. कुरतडलेली वायर पिळून वरून टेप गुंडाळू नये. डाग देऊन, वर स्लीव्ह चढवून घ्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे फवारणीच्या एचटीपी पंपाने इंजिन धुणे. चिखल जातो खरा, पण पाणी कनेक्टरमध्ये शिरते आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागतो. अशा वेळी कनेक्टर सोडवून कोरडे करावेत. सेन्सर घेण्याची घाई करू नये.

पुसण्याची वेळ

कोड लिहिला, दोष सापडला, दुरुस्ती झाली, त्यानंतर पुसावा. चावी 'ऑन', इंजिन बंद, आणि ऍपमध्ये 'क्लिअर' दाबावे. पुसताना काय काय जाते हे माहीत असावे. कोड जातो, फ्रीझ फ्रेमचे पान जाते, आणि पेटीने शिकून ठेवलेली ट्रिमही बऱ्याच गाड्यांत जाते. त्यामुळे पहिले काही किलोमीटर आयडलिंग वरखाली झाले तर बिघाड समजू नये.

न पुसताही दिवा जातो. दोष खरोखर गेला असेल तर साधारणतः लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, आणि इंजिन सुमारे चाळीस वेळा थंडाचे गरम झाले की कोडही नोंदीतून निघून जातो. घाई नसेल तर हा मार्ग आम्हांस जास्त पसंत आहे, कारण दुरुस्ती खरी झाली की नाही हे गाडीच सांगते.

बॅटरीची तार काढून कोड घालवण्याची जुनी रीत अजून चालते. काही गाड्यांत कोड जातो, काहींत जात नाही. रेडिओचा नंबर मात्र नक्की विचारला जातो. एका सभासदांनी चावी आत ठेवून तार काढली, जोडताच दरवाजे लॉक झाले. एअरबॅग आणि ब्रेकचे दिवे लागले असतील तर हे स्वस्त यंत्र बाजूला ठेवावे आणि जाणत्याकडे जावे.

जुनी गाडी घेताना

उसाचा हप्ता खात्यावर जमा झाला की जुन्या गाड्यांचे व्यवहार होतात, म्हणून हे शेवटी लिहितो. विकणारा आदल्या दिवशी कोड पुसून ठेवू शकतो. दिवा दिसत नाही, गाडी गुळगुळीत चालते, आणि पैसे दिल्यावर आठवड्याने दिवा लागतो. हे ओळखता येते.

प्रथम, चावी 'ऑन' करून पाहावे. इंजिन सुरू होण्याआधी पिवळा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर कोणी तरी बल्ब किंवा वायर काढली आहे, तेथेच चहा पिऊन परत यावे. मग यंत्र लावून 'कोड पुसल्यापासूनचे अंतर' हा आकडा पाहावा. सर्व गाड्यांत तो मिळत नाही, पण पुष्कळांत मिळतो. दहा वर्षांच्या गाडीत तो बारा किलोमीटर दिसला तर का, असे विचारावे. "नवी बॅटरी बसवली" हे उत्तर खरे असू शकते, काही गाड्यांत त्यानेही आकडा शून्य होतो. मग बॅटरीवरची तारीख पाहावी. तिसरे, 'रेडिनेस' नावाचे पान. तेथे पेटीच्या स्वतःच्या चाचण्या पुऱ्या झाल्या की नाही हे लिहिलेले असते. कोड नुकताच पुसला असेल तर त्यातल्या बऱ्याच अपुऱ्या दिसतात, आणि त्या पुऱ्या व्हायला काही दिवसांचे चालवणे लागते. अशा गाडीला बयाणा देण्याआधी मालकाला सांगावे, "आठवडाभर तुम्हीच चालवा, पुढच्या रविवारी येतो." खऱ्या मालकाला याचा राग येत नाही.

आमचे यंत्र गट कार्यालयात टेबलाच्या खणात ठेवलेले आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी तीननंतर गाडी घेऊन आल्यास कोड वाचून एका चिठ्ठीवर लिहून देऊ. पुसून देणार नाही. दुरुस्ती करून त्या चिठ्ठीसह यावे, मग पुसू. एक विनंती, ट्रॅक्टर आणू नयेत. जुन्या ट्रॅक्टरांत कोडच नाहीत, आणि जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरचे जे नवे ट्रॅक्टर नव्या धूर-नियमांचे आले, त्यांना बहुधा कंपनीचेच यंत्र लागते. मागच्या बाजाराला दोघे जण ट्रॉलीसकट आले होते आणि काट्याची वाट तासभर अडली.

— ऊस विकास अधिकारी